नडगीवरची पेनाची रेघ : धावऱ्याचा माझा अनुभव

आधी हुडहुडी भरून ताप आला, १०२. पायाकडे लक्ष गेलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. धावऱ्यात हे नेहमीचं आहे: थंडी-ताप आधी येतो, लाली मागाहून दिसते. उजव्या नडगीवर तळहाताएवढा भाग लालबुंद, कातडी ताणून चकचकीत, जांघेत अवधाण आलेलं. दोन्ही पायांवर हाताची पालथी बाजू ठेवून पाहिली, तर उजवा सरळ सरळ गरम. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते आणि फसवते. म्हणून रंगापेक्षा ऊब, सूज आणि दाबल्यावरचं दुखणं पाहावं.

डॉक्टर याला सेल्युलायटिस म्हणतात. कातडीच्या खालच्या थरात जंतू शिरतात, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस, कधी स्टॅफिलोकोकस. ते जवळजवळ नेहमी एकाच पायाला होतं. दोन्ही पाय सारखेच लाल असतील, खाज असेल आणि ताप नसेल, तर बहुधा शिरांचा त्रास किंवा इसब असतं. तिथे अँटिबायोटिकने काही साधत नाही. गळवाचं गणित आणखी वेगळं. मध्ये मऊ लागणारा पू साठला असेल तर डॉक्टरांनी चीर देऊन तो काढणं हाच मुख्य उपाय. घरी पिळलं की पू आत पसरतो.

तपासताना डॉक्टरांनी आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फाकवलं. तिथे चिखल्या. पांढरी, भिजून फुगलेली कातडी आणि मधोमध केसाएवढी भेग. जंतू तिथून आत गेले होते. पावसाळ्यात ओल्या बुटांत दिवस काढणाऱ्या कुणाचीही बोटं अशीच निघतील.

मग लालीच्या कडेने बॉलपेनची रेघ ओढून शेजारी तारीख-वेळ लिहिली. मधुमेह नाही ना, म्हणून रक्तातली साखर तपासली. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही याची खात्री करून सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, पाच दिवस. तापाला पॅरासिटामॉल. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण बदलतं, त्यामुळे माझी चिठ्ठी कुणी आपली म्हणून वापरू नये.)

पहिल्या दोन दिवसांत लाली रेघेच्या बोटभर पुढे गेली. जंतू मेले तरी सूज लगेच थांबत नाही, तेव्हा एवढ्यावरून औषध बदलायचं नसतं. ताप आणि दुखणं उतरतंय का ते पाहायचं. माझा ताप दुसऱ्या रात्री उतरला. तो चढत राहिला असता, उलट्यांमुळे गोळ्या टिकल्या नसत्या किंवा रेघ तासातासाला मागे पडली असती, तर दाखल होऊन शिरेतून औषध घ्यावं लागलं असतं. लालीच्या मानाने असह्य वेदना, काळे-जांभळे फोड, बधिरपणा किंवा दाबल्यावर कुरकुर लागणं यांतलं एकही दिसलं, तर त्याच घटकेला मोठं रुग्णालय गाठावं. तो मांस कुजवणारा संसर्ग असू शकतो, त्याला शस्त्रक्रिया लागते.

औषधाच्या जोडीला पाय उंच ठेवणंही महत्त्वाचं, आणि चुकतं तेही इथेच. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं म्हणजे उंच नव्हे. आडवं पडून घोट्याखाली तीन उशा, पाय छातीच्या वर. मध्येच पाऊल वर-खाली हलवायचं. मालिश नाही, चुना-हळदीचा लेप नाही. लेपाने रेघही झाकते आणि कातडीही पोळते.

चौथ्या दिवशी सूज ओसरली, तशा ताणलेल्या कातडीवर बारीक सुरकुत्या उमटल्या. बरं होत असल्याची ही चांगली खूण. पुढे कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. संध्याकाळची थोडी सूज मात्र काही आठवडे राहिली.

पाय बरा झाला तरी भेग तशीच ठेवली, तर धावरं पुन्हा येतं. आणि दर खेपेला रसवाहिन्या (कातडीखालचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) थोड्या निकामी होऊन पुढच्या खेपेला वाट मोकळी होते. म्हणून चिखल्यांच्या बुरशीवर बोटांमध्ये टर्बिनाफिनचं साधं मलम, दिवसातून एकदा, आठवडाभर. दुकानदार अनेकदा ‘तिन्ही औषधं असलेलं’ मलम पुढे करतो. त्यात स्टेरॉइड असतं: दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आत पोसली जाते. ते मी परत केलं. आता अंघोळीनंतर प्रत्येक बेचक्यात सुती फडक्याचं टोक घालून टिपते, आणि ओले बूट एक दिवसाआड वापरते, म्हणजे मधल्या दिवशी ते वाळतात.