गायरानाचा प्रश्न विधानसभेत नेताना

गायरान घटलं की आधी तहसीलदारांना निवेदन, मग डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसवर मोर्चा. आम्ही दोन्ही केलं. हाती आवक शिक्का आला. महसूल खात्याकडून लेखी उत्तर मिळालं ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, कर्नाटक विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनात आमदारांनी प्रश्न टाकल्यावर.

प्रश्नाची तयारी मात्र गावातच होते. सर्व्हे नंबरचा आजचा आरटीसी (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) उतारा घ्या. तिसऱ्या रकान्यात क्षेत्र, नवव्यात मालक, बाराव्यात पीक आणि कसणारा. नवव्यात सरकारी गायरान आणि बाराव्यात खासगी नाव दिसलं, की माग तिथंच लागतो. हातचे जुने उतारे काढून क्षेत्र एकर-गुंठ्यात ताडून पाहा. हाती नसलेले उतारे माहिती अधिकारात मागताना ध्यानात ठेवा: कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून जनावरांची संख्याही आणा. 1966 च्या भूमहसूल नियमांतला 97 वा नियम 100 जनावरांमागे 12 हेक्टर गायरान सांगतो. गुरं कमी दाखवली की तेवढी जमीन ‘जादा’ ठरते आणि दुसऱ्या कामाला काढणं सोपं जातं. आमच्या मते सगळ्यात मोठी गळती इथंच आहे.

‘अतिक्रमण झालंय का?’ असं कधीच विचारू नये. ‘तपासून कारवाई करू’ एवढ्यावर सुटका होते. मूळ क्षेत्र किती, आज किती, कुठल्या क्रमांकाच्या आणि तारखेच्या आदेशाने घटलं, असं विचारा. नुसतं गावाचं नाव दिलं तर ‘माहिती गोळा करत आहोत’ असं उत्तर येतं, म्हणून सर्व्हे नंबर हवाच. आकड्यांसाठी अतारांकित प्रश्न बरा, कारण उत्तर लेखी मिळतं. तारांकिताला, म्हणजे तोंडी उत्तराच्या प्रश्नाला, उपप्रश्न विचारता येतात, पण वेळ संपला की तोंडी चर्चा राहून जाते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरसारख्या जंगल भागात आधी जमीन महसुलाची की वनखात्याची ते पाहा. 1963 च्या वन कायद्याखाली कलम 4 ची, राखीव वन करण्याच्या इराद्याची नुसती अधिसूचना आहे की कलम 17 ची अंतिम, हेही तपासा. चुकीच्या मंत्र्याकडे गेलेल्या प्रश्नात अख्खं अधिवेशन वाया जातं. कोर्टात चालू असलेला वाद तर सभागृहात घेतच नाहीत.

मंत्र्यांनी ‘मोजणी करून अतिक्रमण काढू’ म्हटलं, तर ते सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीच्या कक्षेत येतं. आमदारांमार्फत तिथं पाठपुरावा करताना प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख आणि मंत्र्यांचं वाक्य उत्तरात आहे तसं, कन्नडमध्येच द्यावं.