ब्रह्महृदयाचा वर्णपट: यवतेश्वरहून या हिवाळ्यातली प्रगती

या हिवाळ्यात यवतेश्वरच्या पठारावरून एकट्या ब्रह्महृदय (कॅपेला) या ताऱ्याच्याच मागे लागलोय. जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास तो उत्तरेला साठ अंशांच्या थोडा वर असतो. साताऱ्याचा उजेड पूर्वेला राहतो, त्यामुळे ती बाजू बरी अंधारी मिळते. प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) ०.०८, म्हणजे रात्रीच्या आकाशातला सहावा तेजस्वी तारा. पिवळी छटा नीट ओळखायची तर आधी व्याधाकडे बघा आणि लगेच इकडे वळा.

२०० मिमी लेन्सपुढे मिलिमीटरला १०० रेषांची ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी, लावली आहे. ताऱ्यामागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नाही आणि या कामाला तो नसलेलाच बरा. ग्रेटिंग अशी फिरवायची की वर्णपट उत्तर-दक्षिण पडेल. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तारा पश्चिमेकडे सरकतो आणि केसाएवढा बारीक वर्णपट रुंद होत जातो. ताऱ्यातल्या वायूंनी ठरावीक रंग शोषल्याने पडणाऱ्या काळ्या रेषा उमटतात त्या अशा रुंद पट्टीवरच. फोकस मात्र ताऱ्यावर न करता रेषांवर करा, फार फरक पडतो.

व्याधाच्या पट्टीत हायड्रोजनच्या ४८६ आणि ४३४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या रेषा ठसठशीत आहेत. ब्रह्महृदयात त्याच फिक्या पडतात. त्याऐवजी ४३० जवळ सीएच रेणूंचा जाड पट्टा, ५१७ ला मॅग्नेशियम, ५८९ ला सोडियम. शिवणाच्या सुईवर चमकणाऱ्या उन्हाचा वर्णपट याच ग्रेटिंगने घेऊन शेजारी ठेवला, तर दोन्ही जवळपास सारखे!

सारखेपणा आहे तो तापमानाचा. ब्रह्महृदय म्हणजे दोन पिवळे राक्षसी तारे, एक सुमारे ४९७० केल्विनचा, दुसरा ५७३० चा. सूर्य ५७७२ चा. पण त्यांचा व्यास सूर्याच्या अंदाजे १२ आणि ९ पट, तेज ७९ आणि ७३ पट. म्हणून तर ४३ प्रकाशवर्षांवरूनही ते इतके झळकतात. वस्तुमान प्रत्येकी सूर्याच्या अडीचपट, म्हणजे तरुणपणी हेही व्याधासारखे पांढरेच असणार. गाभ्यातला हायड्रोजन संपला आणि ते फुगून पिवळे झाले. हे कळल्यापासून व्याध आणि ब्रह्महृदय एकाच रात्री टिपायचे, असा नेमच केलाय.

दोघांमधलं अंतर साधारण सूर्य-शुक्राएवढं, फेरी १०४ दिवसांची. आपल्या कुठल्याच दुर्बिणीत ते वेगळे दिसायचे नाहीत. १८९९ मध्ये लिक वेधशाळेत कॅम्पबेल आणि केंब्रिजला न्यूवॉल यांनी स्वतंत्रपणे ही जोडी ओळखली, तीही रेषांच्या सरकण्यावरून: तारा फिरताना आपल्याकडे आला की त्याच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर गेला की लालकडे. हे सरकणं फार तर ०.१ नॅनोमीटरच्या आसपास, आणि माझ्या फोटोत एक नॅनोमीटरच्या आतलं काही सुटं होत नाही.

तेव्हा पुढचं काम ठरलं: सहा इंची न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) फटीचा स्पेक्ट्रोस्कोप आणि १२०० रेषांची ग्रेटिंग. आपल्या दिशेने दोघांच्या वेगातला फरक, आणि म्हणून रेषांमधलं अंतरही, दर ५२ दिवसांनी सर्वाधिक होतं. मे महिन्यात तारा संध्याकाळीच वायव्येला उतरतो, मग पाऊस. त्याआधी अशी एक तारीख तरी साधायची आहे. कुणी दोन ब्लेड समोरासमोर लावून घरी फट बनवली असेल तर त्या पात्यांमधलं अंतर कसं पक्कं केलंत, ते जरूर लिहा.