टॉवर दिसतो, रेंज नाही

भोर तालुक्यातल्या एका वाडीत गेल्या उन्हाळ्यात ड्राइव्ह टेस्टला, म्हणजे फिरून मोबाइलचा सिग्नल मोजायला, गेलो होतो. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी डोंगराकडे बोट दाखवलं. "सायेब, टावर तर ह्यो दिसतोय. मग फोन लावाया बांधावर का जावं लागतं?" लॅपटॉपवर आकडा होता उणे ११८ डीबीएम. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. टॉवर हवेतून जेमतेम ६०० मीटरवर.

अकरा वर्षं आरएफ प्लॅनिंग करतोय, म्हणजे टॉवर कुठे नि अँटेना कशी लावायची ते ठरवतोय, तरी असा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं. चूक यंत्राची नव्हती, जागेची होती. डोंगरावर टॉवर उभारला की दूरवर पोचेल, हा सगळ्यांचा भरवसा. पोचतोही. पण अँटेना म्हणजे उघडा दिवा नव्हे, तो बॅटरीचा झोत असतो आणि त्याची उभी रुंदी असते साधारण ६-७ अंश. वाडीपासून अँटेनाची उंची २३० मीटर. टिल्ट, म्हणजे अँटेनाचा खाली झुकाव, ४ अंश ठेवला, तर झोताचा मध्य सव्वातीन किलोमीटरवर टेकतो, पार पलीकडच्या खोऱ्यात. वाडीवर झोत आणायचा तर २१ अंश वाकवावं लागेल. मग पलीकडचं खोरं सुटतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बरं, लांब पोचणंही फुकटचं नाही. तोच सिग्नल तिकडच्या गावांत स्थानिक टॉवरच्या सिग्नलवर आदळतो. फोनला पुरती रेंज दिसते, पण आवाज तुटतो. शेकडो टॉवरच्या जाळ्यात एका अँटेनाची उंची चुकली, की भोवतालच्या चारपाच साइट्सचा टिल्ट नि दिशा पुन्हा लावत बसायचं. ५जीच्या मॅसिव्ह मायमो पॅनलमध्ये डझनावारी छोट्या अँटेना असतात, ३.५ गिगाहर्ट्झला एकमेकींपासून साधारण ४.३ सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीवर. झोत हवा तसा वळवता येतो खरा, पण वरखाली त्यालाही मर्यादा आहेच.

मी अहवालात लिहिलं : वाडीच्या तोंडाशी २० मीटरचा खांब, टिल्ट ६ अंश, डोंगरावरच्या टॉवरशी मायक्रोवेव्ह लहरींनी बिनतारी जोडणी. मंजुरीला सात महिने गेले.

फेब्रुवारीत पुन्हा मोजलं. ओट्यावर उणे ८४. आजोबांनी तिथूनच पुण्यातल्या नातीला फोन लावला.

ओढ्यापलीकडची चार घरं अजून राहिलीत. मध्ये दाट झाडी आहे. पावसात पानं ओली झाली की तिथे जाऊन मोजायचंय.