कंट्रोल ग्रुपमधले काका

मी ठाण्यात एका रिसर्च प्रोजेक्टवर काम करते, विषय सांगितला की लोक एकतर हात जोडतात नाहीतर फिस्सकन हसतात. डिप्रेशनवाल्यांना योगासोबत अग्निहोत्र केलं तर जास्त फरक पडतो का, एवढंच बघायचंय. कॉम्प्युटरने दोन ग्रुप पाडले, आसनं, अनुलोम-विलोम, भ्रामरी दोघांनाही सेम, फक्त सूर्यास्ताला एक ग्रुप घरी तांब्याच्या पात्रात गोवऱ्या पेटवून तूप लावलेल्या अख्ख्या तांदळाची आहुती देतो आणि दुसरा, म्हणजे तुलनेसाठीचा कंट्रोल ग्रुप, तेवढाच वेळ नुसता शांत बसतो. औषधाच्या ट्रायलला खोटी गोळी देता येते, इथे खोटी आग कुठून आणणार?

तर त्या दिवशी फॉलोअपला घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत गेले. काका शांत ग्रुपमधले, बायको गेल्यापासून एकटेच. पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन मोजायचा फॉर्म, भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, स्कोअर ० ते २७, १० किंवा वर गेला की आम्ही सावध होतो. काका सुरुवातीला बरेच वर होते, आता पाचच्या खाली! नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तिथेही शून्य. मी खूश. मग गॅलरीत कुंड्यांच्या मागे तांब्याचं पात्र दिसलं, आत ताजी राख.

"काका, हे काय?"

"रागवू नका हं मॅडम. वरचे आमचे दोस्त तुमच्या आगवाल्या ग्रुपात आहेत ना, पण त्यांच्या सुनेला दमा, घरात धूर चालत नाही. म्हणून रोज माझ्याकडे येतात. मग मीपण म्हणतो स्वाहा."

दोस्तांच्या फॉर्मवर घरात कुणालाही दमा नाही असं ठळक लिहिलेलं होतं बरं का. (हवा शुद्ध होते वगैरे फॉरवर्ड येतात ना, बंद खोलीत पीएम २.५ चं, म्हणजे हवेतले बारीक कण मोजायचं, मीटर ठेवून बघा एकदा, धूर तो धूरच.)

आणि आहुतीनंतर चहा, मग पेन्शन, क्रिकेट, सोसायटीची भांडणं, दोस्त आठ-साडेआठपर्यंत हलत नाहीत. आता काका बरे झाले ते आगीने, मंत्राने, की त्या गप्पांनी? मला विचाराल तर गप्पांनी, पण ते माझं मत, डेटा नाही. ज्या ग्रुपात नाव निघालं त्यातच माणूस मोजायचा हा नियम, त्यामुळे काका शांत ग्रुपातच राहणार आणि असे चारजण निघाले तर दोन ग्रुपातला फरकच पुसला जाणार, अग्निहोत्राचा खरंच उपयोग होत असला तरी.

खाली येऊन सरांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, दोघांचंही प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं ते, लिही, एथिक्स कमिटीला कळवू, आणि पुढच्या वेळी माणसं नाही, अख्ख्या सोसायट्याच वाटायच्या, एक पूर्ण आगवाली, एक पूर्ण शांत. मी म्हटलं सर, तेवढ्या सोसायट्यांना पुरेल एवढी ग्रँट आहे का? तर म्हणे तू आधी फॉर्म भर.