साबणाची कृती वाटीने मोजू नका

साबणाच्या कृतीत ‘दोन वाट्या खोबरेल’ असं लिहिलेलं दिसलं, की ती कृती तिथेच सोडून द्या. एक लिटर खोबरेल भरतं साधारण 920 ग्रॅम, आणि कॉस्टिक सोड्याच्या (तेलाचा साबण करणारा दाहक क्षार, पुढे नुसता ‘सोडा’) पापडीची वाटी दर वेळी वेगळी भरते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा नसेल तर या भानगडीत पडू नये.

रोजच्या अंघोळीच्या साबणासाठी: खोबरेल 200 ग्रॅम, राइस ब्रॅन तेल 250 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 72 ग्रॅम, पाणी 145 ग्रॅम. खोबरेलाने वडी कडक होते आणि फेस येतो, एरंडेलाने तो फेस टिकतो, राइस ब्रॅनने साबण सौम्य राहतो. पाणी डिस्टिल्ड घ्या; बॅटरीत घालायचं साधं पाणी चालतं, बोअरचं नको.

प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. एक ग्रॅम खोबरेलाला 0.183 ग्रॅम, राइस ब्रॅनला सुमारे 0.133, एरंडेलाला 0.128. वरच्या तेलांचा हिशेब 76 ग्रॅमवर जातो. त्यातला पाच टक्के कमी केला, म्हणजे थोडं तेल साबण न होता वडीत राहतं आणि त्वचा ओढत नाही. आता खोबरेल संपलं म्हणून त्याच्या जागी राइस ब्रॅनच ओतलं, तर जेमतेम 66 ग्रॅम सोडा खपेल. उरलेले पाच-सहा ग्रॅम वडीत मोकळे राहतील आणि अंग भाजेल. तेल बदललं की गणित पुन्हा मांडायचंच.

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. उकळून अंगावर उडतं. भांडं स्टीलचं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर थेंब पडला तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली धरून भरपूर पाण्याने धुवा.

द्रावण आणि तेल दोन्ही 40 अंशांच्या आसपास आली की एकत्र करून हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवा. मिश्रण पळीवाढं झालं आणि वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर दिसत राहिली, की साच्यात ओता. थंडीत एक फसगत होते: खोबरेल 24-25 अंशांखाली थिजतं, त्यामुळे मिश्रण नुसतं गारठून दाट होतं आणि साच्यात गेल्यावर तेल वेगळं सुटतं. शंका आली तर भांडं कोमट पाण्यात ठेवून पुन्हा फिरवा.

बोअरचं जड पाणी असेल तर निव्वळ खोबरेलाचा साबण करून पाहा, त्या पाण्यातही त्याला फेस येतो. 500 ग्रॅम खोबरेल, 73 ग्रॅम सोडा, 150 ग्रॅम पाणी. इथे सोडा तब्बल वीस टक्के कमी धरलाय, कारण नुसतं खोबरेल कातडी कोरडी करतं. ही वडी पाच-सहा तासांत, कोमट असतानाच कापा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर सुरीखाली तुकडे पडतील.

उटणं घालायचं तर 500 ग्रॅम तेलाला एक चमचा, वस्त्रगाळ. जाडसर असेल तर अंग खरवडतं. हळद सोड्यात आधी तांबूस होते, पुढे उजेडात फिकी पडते. पाण्याऐवजी दूध घ्यायचं तर ते बर्फ करून त्यावर सोडा थोडा थोडा घाला, नाहीतर करपून तपकिरी होतं. लवंगतेल मात्र बेताने: मिश्रण भांड्यातच गोळा होऊन बसतं.

आणि ‘कॉस्टिकविना घरगुती साबण’ असं काही नसतं. वितळवून ओतायच्या तयार बेसमध्येही ते काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. सोडा नकोच असेल तर रिठा वापरा, तो साबण नव्हे पण मळ काढतो.

वड्या चार आठवडे हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता ठेवायच्या. तेलाचा साबण पहिल्या दोन दिवसांतच बहुतेक होऊन जातो; पुढचे आठवडे पाणी उडण्यासाठी. वर पांढरी भुकटी आली तर ती बहुधा धुण्याचा सोडा, खरवडून टाका. आत पांढरे खडे किंवा पाण्याचे झरे दिसले तर ती वडी वापरू नका. पावसाळ्यात वड्यांना घाम येतो, तो ग्लिसरीनने ओढलेला ओलावा. पंख्याखाली ठेवलं की जातो. नारिंगी ठिपके आणि खवट वास मात्र जात नाहीत. तिथे बहुधा तेलच जुनं असतं. म्हणून तळणीचं उरलेलं तेल अंघोळीच्या साबणात नकोच.