लुंबिनीला निघालात तर सोनौलीत गाडी सोडून द्या

गोरखपूरहून नेपाळातल्या लुंबिनीपर्यंत एकच गाडी करू नका; सोनौलीला, म्हणजे सीमेवरच्या आपल्या बाजूच्या गावात, ती सोडा. देहूरोडहून, पिंपरीहून, येरवड्याहून धम्मयात्रेला निघणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायचं आहे, बाकीचं निभावतं. आमच्या पुण्याच्या आयोजकानं "बॉर्डर नावालाच आहे, दहा मिनिटांत पलीकडे" असं सांगून थेट लुंबिनीपर्यंतचा टेम्पो ट्रॅव्हलर लावून दिला होता. त्या दहा मिनिटांत आमची अख्खी दुपार गेली.

बोधगया, सारनाथ, कुशीनगर उत्तम झालं, तिथं कुणाचा सल्ला लागत नाही. कुशीनगरला थोडा जास्त वेळ ठेवा, एवढंच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरचेच. आपल्यातल्या कित्येकांना हे तिथं पोचल्यावर कळतं.

आता सोनौली. गावाच्या बरंच अलीकडे ट्रकची रांग लागते आणि ती हलत नाही. आमच्या ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, कागद कुणाच्या तरी हातात दिले, आणि ना बिल्ला ना गणवेश असा एक जण दारात चढला. माणशी 200 रुपये 'एंट्री', गाडीच्या भंसारचे वेगळे. भंसार म्हणजे नेपाळचं कस्टम, ते भारतीय गाडीला भरावंच लागतं. पण माणशी एंट्री हा प्रकारच अस्तित्वात नाही. भारतीय नागरिकाला नेपाळात शिरायला व्हिसा नाही आणि प्रवेश शुल्कही नाही. काही जणांनी पाकिटं काढलीसुद्धा. आमच्यातल्या एक मावशी, आयुष्यभर मंडईत गाळा चालवलेल्या, त्यांनी पावती मागितली. पावतीचं नाव काढताच 200 चे 100 झाले, 100 चे 50 झाले, मग तो माणूस "आता हूँ" म्हणून उतरला तो परत फिरकला नाही. गाडीचे कागद मात्र त्याच्याच साथीदाराकडे. ते सुटेपर्यंत आम्ही उन्हात, बंद एसीच्या गाडीत. आमच्या दोन आत्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडे बघून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

संताप फक्त त्या दलालावर नाही. दक्षिण आशियात पर्यटनासाठी एकत्र काम करायचं, हे ठरून किती वर्षं झाली! दक्षिण आशियाई देशांची सार्क संघटना 1985 ची, बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची बिमस्टेक 1997 ची, आशियाई विकास बँकेच्या मदतीनं चालणारा सासेक कार्यक्रम 2001 चा. या सगळ्यांच्या पर्यटनाच्या चर्चेत बौद्ध सर्किट, म्हणजे बुद्धाच्या आयुष्यातल्या ठिकाणांना जोडणारी यात्रेची वाट, असतंच. पैसाही खर्च झाला आहे. सासेकच्या पर्यटन प्रकल्पातून सीमेपलीकडच्या भैरहव्याला गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला, 16 मे 2022 ला बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सुरू झाला. त्याआधी 20 ऑक्टोबर 2021 ला कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, पहिलं विमान कोलंबोहून भिक्खूंना घेऊन आलं. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत 100 किलोमीटरसुद्धा अंतर नाही, आणि परदेशी विमानांची वाट दोन्ही बघत आहेत. भैरहव्याला थेट येता यावं म्हणून भारतीय हद्दीतून नवे हवाई मार्ग द्या, ही नेपाळची जुनी मागणी आहे. सोनौली आणि भैरहव्याच्या एकात्मिक तपासणी नाक्यांची (कस्टम, इमिग्रेशन सगळं एकाच जागी) पायाभरणी 1 जून 2023 ला भारत आणि नेपाळच्या पंतप्रधानांनी केली. एवढं सगळं होऊनही यात्रेकरू ट्रकच्या मागे उभा असेल, तर एकाच बुद्धाच्या वाटेला सर्किट म्हणायचं कशाच्या जोरावर?

आमच्याच रांगेत श्रीलंकेचा एक गट होता. त्यांचे हाल आणखी वाईट. परदेशी यात्रेकरूला लुंबिनी करून भारतात परतायचं तर भारताचा दोनदा प्रवेशाचा व्हिसा हवा, नेपाळचा वेगळा, आणि भारताचं इमिग्रेशन कार्यालय बाजाराच्या गर्दीत असं दडलेलं की शिक्का न घेताच माणूस पुढे जातो आणि मग परत पाठवला जातो. तुमच्यासोबत परदेशी पाहुणे असतील तर हे आधी बघा.

म्हणून करायचं ते असं. गोरखपूरहून बस किंवा टॅक्सी फक्त सोनौलीपर्यंत करा. ट्रकची रांग दिसली की उतरा, सायकलरिक्षा घ्या, सीमेवरची कमान पायी ओलांडा. पलीकडे बेलहिया. तिथून भैरहवा 4 किलोमीटर, भैरहव्याच्या बुद्ध चौकातून लुंबिनीच्या बस सुटतात. पाच-सहा जण असाल तर तिथलीच जीप ठरवा. सामान पाठीवर मावेल एवढंच. ज्यांना बॅग घेऊन किलोमीटरभर चालवत नाही, त्यांनी या वाटेनं येऊच नये, स्पष्ट सांगतो.

पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधारवर विसंबू नका. नोटा शंभराच्या न्या. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात, हा दर 1993 पासून ठरलेला आहे. आम्हाला बेलहियात 150 देऊ केले. तसे कुणी दिले तर पुढच्या दुकानात जा.

लुंबिनीचा परिसर जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांच्या 1978 च्या आराखड्याप्रमाणे जवळजवळ 5 किलोमीटर लांब आहे, पूर्वेला थेरवादी पंथाचे विहार, पश्चिमेला महायानी पंथाचे. सगळे विहार बघायच्या फंदात पडू नका. पहाटे आधी मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ. मंदिरात फोटो काढू देत नाहीत, आणि दुपारी फरशी पाय भाजते, मोजे ठेवा. स्तंभावरचा लेख सांगतो की राजा अशोक स्वतः इथं आला, बुद्ध इथं जन्मला म्हणून त्यानं गावाचा कर कमी केला. तो लेख वाचताना मला रडू आलं. तिथं उभं राहिल्यावर सोनौलीसकट सगळा प्रवास सार्थकी लागला असं वाटलं, आणि लुंबिनीला जाच, असंच मी प्रत्येकाला सांगेन.

डिसेंबरअखेर ते जानेवारी टाळा, तराईतल्या, म्हणजे सीमेलगतच्या सखल पट्ट्यातल्या, धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात. परतीची गाडी गोरखपूरहून रात्रीची असेल तर लुंबिनी सकाळीच सोडा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं, भेटायच्या वेळा ठरवताना कुठली वेळ ते गटात सगळ्यांना सांगून ठेवा.