अबलख घोडी

पौष शुद्ध पंचमी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली घोडी आता गोठ्यात रुळू लागली आहे, म्हणून तिच्याविषयी चार ओळी लिहून ठेवतो.

दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा राजस्थान, गुजरात, पंजाबपासून व्यापारी घोडे घेऊन येतात. गर्दी असते ती शिंगरांभोवती, पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यांभोवती आणि दोन पायांवर नाचणाऱ्या घोड्यांभोवती. ही घोडी त्या गर्दीपासून लांब, शेवटच्या रांगेत उभी होती. पांढऱ्या अंगावर तपकिरी रंगाचे मोठे पट्टे, म्हणजे अबलख रंग, आत वळून टोकांशी जुळणारे मारवाडी कान आणि एक डोळा निळसर. विक्रेता तिच्या रंगाचेच गुण गात होता आणि वय सात वर्षे सांगत होता.

दात मात्र वेगळे सांगत होते. वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत साधारण दहाव्या वर्षी एक उभी खाच दिसू लागते आणि वयाबरोबर ती खाली उतरत जाते. हिच्या दातावर ती स्पष्ट उतरलेली होती. मला त्याचे वाईट वाटले नाही. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो, आणि मला शर्यत जिंकायची नव्हती. सोबत आलेल्या पशुवैद्यांनी मग तिला बारकाईने तपासले. खोगीर चुकीचे बसल्याने झालेली जखम भरली की तिथे पांढरे केस उगवतात. एकरंगी घोड्यावर ती खूण लांबूनही दिसते, पण अबलख जनावरात ती पांढऱ्या पट्ट्यात लपून जाते. म्हणून त्यांनी पाठ डोळ्यांनी न पाहता बोटांनी चाचपली, आणि खांद्यामागे दोन जागी कातडी घट्ट लागली. ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रणही होते. काटेरी लगामाला 1965 च्या नियमांनी बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सर्रास दिसतो. ही घोडी वरातीतलीच होती, हे विक्रेत्याने शेवटी कबूल केले. किमतीची घासाघीस मी त्यानंतर फारशी केली नाही.

ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगासाठी केलेल्या रक्ततपासणीचा अहवाल हाती आल्यावरच तिला गाडीत चढवले. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोट बिघडले तर जिवावर बेतू शकते. तिच्या जुन्या मालकाकडून कडबा आणि हरभऱ्याचे भूस आणले होते. त्यात आमचा चारा थोडा थोडा मिसळत गेलो. सोबतीला शेळी बांधली, कारण कळपात वाढलेले जनावर एकटे राहिले की खाणे सोडू शकते. शेजाऱ्यांनी शेळीवरून बरीच थट्टा केली, पण घोडी चंदी संपवते आहे.

प्रौढ घोडा आपल्या सवयी बरोबर घेऊन येतो, हे रोज दिसते आहे. ट्रॅक्टर, फटाके, बँड यांनी तिचे काहीच बिघडत नाही, जे एखाद्या कोवळ्या शिंगराला शिकवायला महिने गेले असते. मात्र तोंडाजवळ हात नेला की मान वर जाते. काल गावात ढोल वाजला, तर ती उभ्या जागी पुढचे पाय आळीपाळीने उचलू लागली. मुले खूश झाली. मला ते पाहवले नाही. मी त्यांना टाळ्या वाजवू नका म्हणून सांगितले, आणि त्यांनीही ऐकले.

लोखंडी लगाम मी वापरणार नाही; तूर्त तोंडाबाहेरून बांधायची साधी दोरीची मोरखी पुरे आहे. पांढऱ्या पट्ट्यांखालची कातडी गुलाबी असते आणि ती उन्हात भाजते, शिवाय तिची नाकपुडीही पूर्ण गुलाबी आहे, तेव्हा खानदेशातला उन्हाळा सुरू होण्याआधी गोठ्यापुढे पत्र्याची पडवी काढावी लागेल. सोमवारी नालबंद येईल. मागच्या डाव्या पायाचा खूर वाढला आहे, तो आधी तासून घ्यायचा आणि नाल ठोकायचे की नाही, ते त्यानंतर ठरवायचे.